दोनशे पानी वही

‘गुडघा उजवा. जिना उतरताना दुखतो, चढताना नाही.’

वहीच्या पहिल्या पानावरची ही चौथी ओळ. तिच्या वर रक्तदाबाच्या गोळीचं नाव आणि ती घेण्याची वेळ. खाली ‘झोप साडेपाच तास, तीही तुकड्यातुकड्यांत’. त्याच्याही खाली, समासाला चिकटून, कंसात: ‘नातू ११ किलो’. सबंध पान असंच आहे. त्यावर एकाही व्यायामाचं नाव नाही.

वही साधी, दोनशे पानी, रेघांची. लिहिणारी पुण्यातल्या एका जिममधली पर्सनल ट्रेनर, कऱ्हाडकडची मुलगी, कॉलेजात कबड्डी खेळलेली. जिच्याविषयी लिहिलंय ती ताई, माझी आतेबहीण. निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली, तोवर जिमची पायरीही न चढलेली. दोघींना विचारून मी वही घरी आणली. तिच्यात घडी घालून ठेवलेली जिमची पावतीही सोबत आली. पावतीवर छापलंय: ‘पीटी १२ सेशन. रु. ९,००० करासहित. मुदत ४५ दिवस. भरलेली रक्कम परत मिळणार नाही.’

ताईच्या मुलाने ही पावती पाहून लगेच भागाकार केला होता. तासाला साडेसातशे. ‘आकडे मोजायचे साडेसातशे? मी फुकट मोजतो की,’ हे त्याचं म्हणणं. कुठल्याही जिममध्ये कोपऱ्यात उभं राहून थोडा वेळ पाहिलं, तर हा मुलगा फार वावगं बोलला असं वाटत नाही. एक माणूस घाम गाळतोय, दुसरा शेजारी हाताची घडी घालून ‘अजून दोन, अजून दोन’ म्हणतोय. त्या ‘अजून दोन’ला एवढे पैसे कशाचे? या प्रश्नापायीच मी वही वाचायला घेतली. वाचता वाचता प्रश्न बाजूला राहिला आणि मजकुराचीच गोडी लागली.

आधी त्या जिन्याच्या ओळीकडे जाऊ. गुडघा दुखतो का, हे कुणीही विचारतं. प्रवेशाच्या फॉर्मवर तसा चौकोनच असतो, त्यात खूण करायची आणि पुढे व्हायचं. चढताना की उतरताना, हा पुढचा प्रश्न विचारायला मात्र शरीर चालतं कसं ते ठाऊक असावं लागतं. जिना चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीराला वर लोटतो. उतरताना तोच स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच सगळा भार धरून ठेवतो. गुडघ्याच्या वाटीवर तेव्हा चांगलाच दाब येतो. चढताना तक्रार नाही आणि उतरताना आहे, म्हणजे भार सावकाश खाली आणण्याची ताकद कमी पडत असावी, असा कयास बांधता येतो. ट्रेनरने तो बांधला हे कळतं दुसऱ्या पानावर. तिथे प्रत्येक व्यायामापुढे ‘खाली ३ सेकंद’ लिहिलंय, आणि पहिल्यांदा लिहिताना त्याखाली दोन रेघा मारल्यात. कारण कुठेही दिलेलं नाही. चौथ्या ओळीतला प्रश्न आणि पुढच्या पानावरचे तीन सेकंद यांतलं नातं वाचणाऱ्याने जुळवायचं.

गोळीच्या नावाचंही तसंच आहे. तिसऱ्या पानाच्या माथ्यावर एक तुटक वाक्य येतं: ‘नाडी नको. १० पैकी सांगा.’ हे कोडं सोडवायला मला पहिल्या पानावर परत जावं लागलं. ताई घेते ती गोळी बीटा ब्लॉकर गटातली. ही औषधं हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, म्हणून मनगटावरच्या घड्याळाने ‘आराम चाललाय’ असं दाखवलं तरी माणूस दमलेला असू शकतो. अशा वेळी यंत्राऐवजी माणसालाच विचारायचं: किती जड गेलं? गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने श्रमाची ही मोजपट्टी रूढ केली. आधीची ६ ते २० अशी चमत्कारिक आकड्यांची होती, सुटसुटीत दहाची नंतर आली. वहीत बोर्गचं नाव नाही. नुसता कंसात आकडा येतो: ‘डेडलिफ्ट १६ किलो × ८, ८, ८ (७).’ हा शेवटचा सात ताईने दिलेला. शाळेत चाळीस वर्षांच्या आसपास दुसऱ्यांना गुण देत आलेल्या बाईला इथे स्वतःच्या दमण्याला गुण द्यावे लागतात, आणि ती ते सढळ हाताने देत नाही. सुरुवातीच्या पानांवर सगळीकडे पाच. एका पाचापुढे ट्रेनरने पेन्सिलीने लिहिलंय: ‘चेहरा ८.’

इथे या वहीच्या शैलीचं एक मर्म सांगायला हवं. तिच्यात दोन लेखण्या आहेत. निळ्या पेनने लिहिलेलं आदल्या रात्रीचं, म्हणजे उद्या काय करायचं तो बेत. पेन्सिलीने लिहिलेलं प्रत्यक्ष जिममध्ये, उभ्या उभ्या, वही मांडीवर किंवा बाकावर टेकवून. निळं अक्षर सरळ, पेन्सिलीचं तिरकं. कुठल्याही पानावर नजर टाकली की ठरवलेलं आणि घडलेलं एकाखाली एक दिसतं. पावतीत मोजलेला तास फक्त पेन्सिलीचा आहे. निळ्या शाईच्या वेळेला पावतीत जागाच नाही.

पहिल्या पानाच्या तळाशी, अवतरणचिन्हांत, ताईचं एक वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं आहे: ‘हात न टेकता जमिनीवरून उठायचंय.’ वजन कमी करायचंय, पोट कमी करायचंय, असलं काही ती बोलली नसेल असं नाही. पण लिहिणारीने नेमकं हेच निवडलं. ही निवड अचूक आहे. ब्राझीलमधले डॉक्टर क्लॉडिओ गिल अराउजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसण्या-उठण्याची एक साधी चाचणी वापरात आणली. जमिनीवर बसायला ५ गुण, उठायला ५, आणि हात, गुडघा, जे काही टेकवाल त्याचा दर वेळी एक वजा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांवरचा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. पंगतीला मांडी घालून बसणं, देवापुढून उठणं, नातवाबरोबर फरशीवर खेळणं, या सगळ्याचा हिशेब त्या दहा गुणांत येतो. वहीतली नोंद एका ओळीची आहे: ‘बसणं-उठणं १० पैकी ५.’ तारखेसह. पुढे दर महिन्याच्या शेवटच्या पानावर हीच ओळ आकडा बदलून येते, आणि ती आली की वाचणाऱ्याचं लक्ष आपोआप तिकडे जातं.

आता प्रत्यक्ष व्यायाम. या भागात मला सगळ्यात जास्त आवडलं ते बाकाचं उतरणं. ‘स्क्वॉट, बाक १८ इंच, हाती काही नाही, ३ × ८.’ म्हणजे बाकावर टेकायचं आणि उठायचं. पुढच्या आठवड्यात लोक साधारणपणे हातात वजन देतात. इथे वजन तसंच राहतं, म्हणजे शून्य, आणि बाक खाली येतो. १७. १६. मग १४. जिममध्ये इतक्या उंचींचे बाक कुठून असणार? खालच्या रेघेवर उलगडा आहे: ‘ठोकळा + २ मॅट.’ दर आठवड्याला ही रचना खाली येत गेली. ताईला उठायचं होतं जमिनीवरून, तर ट्रेनर तिला हळूहळू जमिनीकडे नेत होती. वजन नंतर आलं, आणि आलं तेही विचार करून. जिममधल्या केटलबेल बहुधा चार-चार किलोंनी वाढतात: ८, १२, १६, २०. २० वरून २४ वर जाणं म्हणजे पाचवा हिस्सा वाढवणं. पण ८ वरून १२ वर जायचं तर निम्मी वाढ एका उडीत. साठीच्या गुडघ्याला ही उडी मोठी. म्हणून वहीत ८ किलोचा मुक्काम लांबतो. आधी ८ × ८, मग ८ × १०, ८ × १२, मग खालच्या टोकाला दोन सेकंद थांबून ८ × ८, आणि त्यानंतर एका सोमवारी ‘१२ × ५’. या ओळीपुढे पेन्सिलीने एकच शब्द आहे: ‘नातू.’ कंसातला ११ किलोंचा मुलगा पहिल्या पानावर उगाच आलेला नव्हता.

आणि ते आकडे मोजणं. भाच्याने ज्याची टिंगल केली तेच या वहीत सगळ्यात मुरलेलं काम आहे, असं माझं मत झालं. एके ठिकाणी लिहिलंय: ‘८, ८, ६. सातव्याला टाच सुटणार होती.’ सुटली असं नाही, सुटणार होती. म्हणजे सहाव्याला काहीतरी दिसलं, गुडघा जरासा आत वळला असेल, खांदा पुढे आला असेल, आणि सातवा मागितलाच नाही. ताईने तेव्हा ‘जमतंय की, अजून दोन करते’ म्हटलं असणार. तिचा स्वभाव मला माहीत आहे. याच्या उलटही एक जागा आहे. ‘काकू म्हणाल्या झालं. अजून ३ होते. २ घेतले.’ कधी हात आखडायचा आणि कधी मागायचं, हे मोजणाऱ्याच्या डोळ्यात असतं, आणि ते दिसावं म्हणून तो शेजारी उभा असतो. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास यासंदर्भात सांगण्यासारखा आहे. आधीपासून थोडाफार व्यायाम करणारे पुरुष, १२ आठवडे, दोन गटांना हुबेहूब तोच आराखडा. एका गटाजवळ प्रशिक्षक उभा, दुसरा गट आपला आपण. ज्यांच्याजवळ माणूस होता त्यांनी वजनं अधिक वेगाने वाढवली, आणि शेवटी त्यांची ताकदही जास्त भरली. कागद दोघांकडे एकच होता.

सूचनांसाठी ट्रेनरने वहीच्या मागच्या पानांवर एक वेगळा तक्ता केलाय. डावीकडे ‘चालल्या’, उजवीकडे ‘नाही चालल्या’. उजवीकडे: ‘मांडी आवळा’, ‘पोट आत’, ‘कंबर सरळ’. डावीकडे: ‘जमीन ढकला’, ‘मागच्या भिंतीला बसायची जागा लावा’, ‘घागर उचलताय’. हा तक्ता वाचताना मला गाब्रिएले वुल्फ या संशोधक बाईंची आठवण झाली. हालचाल शिकताना लक्ष स्वतःच्या अवयवावर ठेवण्यापेक्षा बाहेरच्या वस्तूवर किंवा परिणामावर ठेवलं तर ती लवकर आणि चांगली बसते, हे त्यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रयोगांनी दाखवत आणलं. ट्रेनरने ते एखाद्या कोर्समध्ये शिकलेलं असेल किंवा ताईच्या गोंधळलेल्या चेहऱ्यावरून ओळखलं असेल. घागर मात्र तिची स्वतःची. कुठल्याही कोर्सच्या पुस्तकात ती सापडायची नाही.

आता त्या पानाकडे येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. एका गुरुवारचं पान. निळ्या शाईत भरघोस बेत: ‘स्क्वॉट १२ किलो ३ × ८. डेडलिफ्ट २० किलो ३ × ६. पायरी ८ इंच, दोन्ही पाय ३ × ८. ओढणं ३ × १०.’ हा पहिल्या दोन महिन्यांतला सगळ्यात मोठा बेत. तोवरच्या पानांची चढण इथे येऊन पोहोचणार होती. आणि या सगळ्यावरून पेन्सिलीची एकच आडवी रेघ. खाली: ‘काल घरी बारसं. झोप ३ तास. बीपी १५०/९४, पाच मिनिटांनी पुन्हा १४८/९२. चालणं १० मि. काठी लावून कंबर वाकवणं. खांदे मोकळे. बस.’ त्याच्याखाली आणखी एक ओळ: ‘काकू रागावल्या. “पैसे भरलेत मी.”’ आणि शेवटी बाण काढून: ‘शनिवारी हेच.’

या पानावर थांबायला हवं. बेत खोडताना हात कचरलेला दिसत नाही. रेघ सरळ आहे. रक्तदाब एकदा घेऊन भागवलेलं नाही, थांबून पुन्हा घेतलाय. त्यानंतर उरलेला तास वाया घालवलेला नाही, शून्य वजनाने कमरेतून वाकण्याचा सराव करून घेतलाय. पाठीला उभी काठी लावायची, डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही काठीला टेकलेलं ठेवून वाकायचं. एक जरी सुटलं तरी पाठ गोल झाली. म्हणजे शनिवारी जे जड उचलायचं होतं त्याचीच घडण पक्की करून घेतली, फक्त भार काढून. आणि मग ते रागावणं. ते लिहून ठेवायची काय गरज होती? मला वाटतं, लिहिणारीला ते लागलं असावं. ताईच्या दृष्टीने त्या दिवशी तिला साडेसातशे रुपयांत काठी घेऊन वाकायला मिळालं. वाचणाऱ्याच्या दृष्टीने तो पहिल्या तीन महिन्यांतला सगळ्यात महाग तास आहे, कारण त्यात दोन महिने साठवलेली माहिती एका रेघेत वापरली गेली. बारा सेशन विकलेल्या माणसाला रोज दमवून घरी पाठवणं सोपं असतं. घाम निघाला की गिऱ्हाईक खूश. शनिवारच्या पानावर तोच बेत पुन्हा निळ्या शाईत आहे आणि त्यावर चार टिका. डेडलिफ्टपुढे ‘६, ६, ७’. सातवा मागून घेतलेला नाही, ताईनेच दिलेला.

सेशनची साठ मिनिटंही उघडून पाहावीत. पंधराएक सेट, प्रत्येक सुमारे चाळीस सेकंदांचा. प्रत्यक्ष उचलणं दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ विश्रांती, मांडामांड आणि गप्पा. या गप्पांबद्दल लोक कुरकुरतात. वहीत मात्र गप्पांचीही नोंद आहे: ‘सुनेचा विषय. वाक्य पूर्ण बोलल्या.’ दुसरीकडे: ‘दोन शब्दांवर श्वास. अजून १ मि.’ बोलताना धाप लागते का, वाक्य तुटतं का, यावरून श्रम ओळखण्याची ही जुनी, बिनयंत्राची रीत. सुनेचा विषय निघाला म्हणून तो ऐकला गेला असंही नव्हे आणि ऐकला गेला नाही असंही नव्हे. आपल्या बोलण्यावरून श्रम ओळखले जातात हे कळल्यावर ताई थोडा वेळ गप्प बसली आणि मग सुनेविषयी बोलायची ती बोललीच.

या नोंदींचं कूळ काढायचं तर १९४० च्या दशकातल्या अमेरिकेत जावं लागेल. दुसऱ्या महायुद्धातून गुडघे आणि मांड्या जायबंदी होऊन आलेल्या सैनिकांवर थॉमस डेलॉर्म हा तरुण लष्करी डॉक्टर उपचार करत होता. अशक्त स्नायूला हलका, लांबलचक व्यायाम द्यायचा हा तेव्हाचा रिवाज. डेलॉर्म स्वतः वजनं उचलणारा. त्याने उलट केलं: जड वजन, मोजक्या आवृत्त्या, दर आठवड्याला मोजून वाढ. त्याचा लेख १९४५ मध्ये आला. जगातल्या कुठल्याही जिमच्या वहीत आज ‘३ × १०’ दिसतं त्यामागे तो आहे.

आपल्याकडे मोजण्याची परंपरा वेगळी आणि पैशाचीही वेगळी. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमींत वस्ताद पोरावर जी नजर ठेवायचा, ती तासावर विकली जात नव्हती. राजाश्रय होता, गाव होतं, पोराच्या घरून खुराकाचे पैसे येत. पुढे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), दादरचं समर्थ व्यायाम मंदिर (१९२५) अशा संस्थांनी व्यायाम घराघरांत नेला तो बहुतांशी नाममात्र फीवर आणि शिकवणाऱ्यांच्या निष्ठेवर. त्यामुळे मराठी मनात व्यायाम शिकवणाऱ्याला मान भरपूर आणि फीची सवय कमी, असं काहीसं झालं. मोल कुणी ना कुणी भरतच होतं. १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर ७,००० रुपयांना गहाण ठेवलं. तेव्हा पावती फाडली गेली नाही, इतकंच.

आता ही पावती. ९,००० मधून आधी कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. पण त्याबरोबर जिमला यंत्रं, भाडं वगैरेंवर भरलेल्या कराची वजावट मिळणं बंद झालं, म्हणून गिऱ्हाइकाची फी तेवढ्याच प्रमाणात उतरेल असं समजू नये. उरलेले साडेआठ हजार आणि वर काही. त्याचे वाटे जिम आणि ट्रेनर यांच्यात. हे प्रमाण ठिकठिकाणी वेगळं असतं; इथे निम्मं-निम्मं. म्हणजे साडेसातशेतले ट्रेनरच्या हाती तासाला साडेतीनशेच्या किंचित वर. जिमचा वाटा बिनकामाचा नाही. जागा, एसी, केटलबेल, ते ठोकळे आणि मॅट, रिसेप्शन, आणि मुळात ताईला दारात आणणारी जाहिरात त्यातून भागते. पण गिऱ्हाईक जेव्हा ‘ट्रेनर तासाला साडेसातशे घेते’ म्हणतं, तेव्हा आकडा तिच्या नावावर लागतो आणि पैसे लागत नाहीत.

त्या साडेतीनशेत काय काय आहे? रात्रीची निळी शाई. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ अशी तुटकी शिफ्ट, जिच्या मधल्या सात तासांचं कुणी काही देत नाही. ‘आज जमणार नाही’ असा सकाळी पावणेसहाचा मेसेज. कोर्सची फी, दर दोन वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण, त्यासाठी पुन्हा तास भरून अभ्यास, प्रथमोपचार आणि सीपीआरचं वेगळं प्रमाणपत्र. स्वतंत्र काम करणारे, घरी येऊन शिकवणारे ट्रेनर जास्त आकारतात तेव्हा त्यांच्या फीत जिमचा वाटा नसतो हे खरं, पण कोथरूडहून खराडीला जाण्याचा वेळ असतो, आणि तो पुण्यात सेशनपेक्षा मोठा ठरू शकतो. पावतीवरची ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही ओळ मला आवडत नाही. ४५ दिवसांत आजारपण येऊ शकतं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एकतर्फी करारांची दखल घेतलेली असल्याने छापील ओळीने विषय संपतो असंही नाही. पैसे भरण्याआधी मुदत वाढवून मिळते का आणि ट्रेनर सोडून गेली तर काय, हे दोन प्रश्न विचारून घ्यावेत.

फीत काय येत नाही हेही वहीने एका पानावर चोख सांगितलंय: ‘डावा खांदा. रात्री कुशीवर दुखतो. फिजिओकडे. चिठ्ठी येईपर्यंत डोक्यावर उचलणं बंद.’ दुखण्याचं निदान हे आपलं काम नाही, हे ओळखणं आणि तिथे थांबणं. हे जिममध्ये सर्रास दिसत नाही. खांदा दाबून ‘नस दबलीये’ सांगणारे आणि त्याच दमात पावडरचा डबा खपवणारे मीही पाहिलेत. डब्यावर कमिशन असतं. या वहीत कुठल्याही डब्याचं नाव नाही. खाण्याची एकच सूचना सापडली: ‘सकाळी चहा-बिस्किटावर येऊ नये. अंडं चालत नाही. मूग, दही.’

त्याच खांद्याच्या बाबतीत वहीत एक उणीवही आहे. फिजिओची चिठ्ठी तीन आठवड्यांत आली; वहीत चिकटवलेली आहे; हलक्या वजनाने हात वर नेण्याला तिच्यात स्पष्ट मुभा आहे. तरी पुढे कितीतरी पानं डोक्यावर उचलण्याचा व्यायाम परत येतच नाही. गुरुवारच्या त्या पानावर जो संयम होता तोच इथे भीतीत बदललाय. फळीवरचा डबा काढायला ताई अजूनही स्टूल घेते. दोन सेटमध्ये विश्रांती किती, हेही फारसं लिहिलेलं नाही, त्यामुळे एखाद्या दिवशी आकडे का घसरले ते कळत नाही. मन लावून वाचलं की असं खटकतं.

तिसऱ्या महिन्यात वहीतलं अक्षर बदलायला लागतं. आधी एखादी ओळ, मग अर्धं पान, मग बेताची निळी शाईसुद्धा ताईची: फळ्यावरचं, गोल, काना-मात्रा चुकू न देणारं अक्षर. ट्रेनरची पेन्सिल समासात गेलीय: ‘हे कमी करा’, ‘हा दिवस मोकळा’. ‘बसणं-उठणं’ची ओळ पुन्हा येते, या वेळी ८. एक हात अजून टेकतो. वाचताना लक्षात येतं की ताईला आपल्यावाचून चालवायला शिकवणं हा बेत पहिल्यापासून होता; ‘चालल्या’-‘नाही चालल्या’चा तक्ता ट्रेनरने स्वतःसाठी केला असेल असं मला वाटत होतं, पण त्याच्या माथ्यावर लिहिलंय: ‘काकूंना द्यायचा.’

चौथ्या महिन्याची पावती नवी आहे: ‘पीटी ४ सेशन. रु. ३,६००.’ भाच्याने पुन्हा भागाकार केला आणि तासाला नऊशे झाले म्हणून ओरडला. काउंटरवरच्या मुलाने ‘बारा घ्या काकू, स्वस्त पडेल’ असं सांगितलं होतंच. ताईने चारच घेतली. आठवड्यातून एकदा दाखवायचं, बाकी आपलं आपण. तिने मला हे सांगितलं तेव्हा ती खूश होती. मग म्हणाली, ‘पोरीला मात्र मॅनेजरने आत बोलावून विचारलं म्हणे, तुझी बारावाली क्लायंट चारवर कशी आली? या महिन्याचं टार्गेट गेलं तिचं.’